पाच मात्रांची कामगिरी

लालो शिफ्रिन हे 26 जून 2025 रोजी लॉस एंजेलिस येथे निवर्तले. त्याआधी पाचच दिवस त्यांनी वयाची 93 वर्षे पूर्ण केली होती. त्यांच्या मृत्यूचे वृत्त जगभरच्या वृत्तपत्रांनी छापले. परंतु बहुतेक ठिकाणी त्यांच्या नावाच्या आधी उल्लेख झाला तो 'मिशन इम्पॉसिबल' या दूरचित्रवाणी मालिकेचा. ते स्वाभाविकही होते. एका मिनिटाच्या आत संपणारी ती शीर्षकधून ज्याने कधीच ऐकली नाही असा चित्रपटरसिक विरळा. आणि ती रचणाऱ्याचे नाव ज्याला सांगता येईल असा रसिक त्याहून विरळा. शंभरावर चित्रपटांना व दूरचित्रवाणी कार्यक्रमांना संगीत देणाऱ्या या माणसाची ओळख जगाने एका धुनेपुरती आखडून टाकली होती.

शिफ्रिन यांच्या चरित्राकडे पाहण्याच्या दोन सोप्या तऱ्हा आहेत. दक्षिण अमेरिकेतील एक होतकरू वादक उत्तर अमेरिकेत गेला आणि तेथे त्याने नाव व पैसा मिळविला, ही एक. अभिजात संगीताची एवढी मोठी तालीम मिळालेल्या माणसाने ती हेरांच्या कथांपायी आणि मोटारींच्या पाठलागांपायी खर्ची घातली, ही दुसरी. पहिलीत कौतुक आहे, दुसरीत हळहळ आहे. पण दोन्ही तऱ्हा मूळ प्रश्नाला बगल देतात. दुसऱ्याने नेमून दिलेले काम, दुसऱ्याने ठरविलेल्या मुदतीत आणि दुसऱ्याने आखलेल्या मर्यादेत करताना माणसाला आपली विद्या कितपत वापरता येते, हा तो प्रश्न होय. ठरलेला अभ्यासक्रम शिकविणाऱ्या शिक्षकाला तो पडतो, ठरलेल्या नमुन्यात टिपण लिहिणाऱ्या कारकुनालाही पडतो. चित्रपटाच्या संगीतकाराला तर तो रोज, घड्याळ समोर ठेवून, सोडवावा लागतो. शिफ्रिन यांची सारी कारकीर्द म्हणजे या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे, आणि ते तपासून पाहण्याजोगे आहे.

दोन घराण्यांची तालीम

बोरिस क्लाउदिओ शिफ्रिन हे त्यांचे जन्मनाव. जन्म 21 जून 1932 रोजी अर्जेंटिनाची राजधानी ब्युनॉस आयर्स येथे झाला. वडील लुईस शिफ्रिन हे त्या शहरातील 'तेआत्रो कोलोन' या विख्यात संगीतमंदिराच्या वाद्यवृंदातील ज्येष्ठ व्हायोलिनवादक. त्यामुळे ऑपेरा आणि सिंफनी या गोष्टी मुलाला घरबसल्या मिळाल्या. वयाच्या सहाव्या वर्षी त्याची पियानोची तालीम एन्रिके बॅरेनबॉइम यांच्याकडे सुरू झाली. पुढे जगप्रसिद्ध झालेले पियानोवादक व वाद्यवृंदसंचालक डॅनिएल बॅरेनबॉइम यांचे हे वडील. नंतर आंद्रेआस कारालिस या स्थलांतरित गुरूंकडे पियानोचे, तर हुआन कार्लोस पाझ या प्रयोगशील अर्जेंटिनी संगीतकाराकडे स्वरसंवादाचे शिक्षण झाले. मुलाने केवळ संगीतावर पोट भरावे असा बेत मात्र नव्हता. ब्युनॉस आयर्स विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्र आणि कायदा यांचा अभ्यास केला.

या सुरळीत मार्गाला फाटा फुटला तो जॅझमुळे. लुई आर्मस्ट्राँग, चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंतांच्या तबकड्या कुमारवयात त्यांच्या कानांवर पडल्या. तो अनुभव धर्मांतरासारखा होता, असे ते पुढे सांगत. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी जॅझ स्वीकारले, परंतु बाख आणि स्ट्राव्हिन्स्की यांना रजा दिली नाही. दोन घराण्यांचे गाणे एकाच गळ्यात बसवू पाहणाऱ्याला दोन्हीकडचे लोक संशयाने पाहतात, हा आपल्याकडचाही अनुभव आहे. शिफ्रिन यांनी हा संशय पत्करला.

1952 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते पॅरिसच्या संगीत विद्यालयात दाखल झाले. तेथे ओलिव्हिए मेसियाँ यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य त्यांना लाभले. मेसियाँ हे विसाव्या शतकातील लयविचाराचे मोठे आचार्य. त्यांच्या या विचाराचा एक धागा थेट महाराष्ट्रात येऊन पोचतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने राहणाऱ्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. त्यात 120 देशी तालांची यादी आहे. ती एका फ्रेंच संगीतकोशातून मेसियाँ यांच्या हाती लागली, आणि त्या तालांचा त्यांनी आपल्या रचनांत व अध्यापनात आयुष्यभर उपयोग केला. शिफ्रिन यांच्या पुढील कीर्तीचा उगम देवगिरीला नेऊन भिडविणे हे अर्थातच धारिष्ट्याचे ठरेल. पण ताल हा दोन-चारच्या चौकटीत बसलाच पाहिजे असे नाही, विषम मात्रांनाही स्वतःचे चालते-बोलते रूप असते, हे ज्या वर्गात गांभीर्याने शिकविले जात होते, त्या वर्गातून ते बाहेर पडले एवढे निश्चित.

दिवसा हा अभ्यास आणि रात्री पॅरिसच्या क्लबांतून जॅझचे वादन, असा त्यांचा क्रम होता. मेसियाँ यांना जॅझविषयी आस्था नव्हती. शिष्याने ना गुरू सोडला, ना रात्रीचे काम. त्या कामातून खर्चाची तोंडमिळवणी होत होती, आणि कोणत्याही विद्यालयात न मिळणारे एक शिक्षणही होत होते. समोरच्या श्रोत्याला आता, या क्षणी, काय हवे आहे हे ओळखण्याचे ते शिक्षण. पॅरिसमध्येच 1955 साली टँगोचे नवे प्रवर्तक आस्तोर पियाझोला यांच्या ध्वनिमुद्रणात त्यांनी पियानो वाजविला. आपल्या देशाच्या लोकसंगीताला अभिजात रचनेची शिस्त कशी लावता येते, याचे उदाहरण त्यांना एका देशबांधवाकडूनच, परक्या शहरात, पाहावयास मिळाले.

उमेदवारीची वर्षे

मायदेशी परतल्यावर शिफ्रिन यांनी सोळा वादकांचा जॅझवृंद उभा केला. 1956 मध्ये डिझी गिलेस्पी हे अमेरिकन सरकारच्या सांस्कृतिक दौऱ्यावर दक्षिण अमेरिकेत आले. या तरुणाचा वृंद ऐकून त्यांनी त्याला अमेरिकेत येण्याचे निमंत्रण दिले. स्थलांतराच्या कथांत असे निमंत्रण म्हणजे सुखान्त समजला जातो. प्रत्यक्षात ती केवळ सुरुवात असते. शिफ्रिन न्यूयॉर्कला पोचले ते 1958 मध्ये. तेथे त्यांना पहिला आधार मिळाला तो झाव्हिएर कुगाट यांच्या नृत्यवृंदासाठी संगीतरचनांची मांडणी करून देण्याचा. लोकांनी नाचावे म्हणून वाजविल्या जाणाऱ्या त्या संगीताला कलाविश्वात फारशी प्रतिष्ठा नव्हती. मेसियाँ यांच्या विद्यार्थ्याने ते काम नाकारले नाही, आणि ते करताना स्वतःची मोठी रचनाही थांबविली नाही. गिलेस्पी यांच्यासाठी त्यांनी 'गिलेस्पियाना' ही पाच भागांची रचना सिद्ध केली आणि 1960 मध्ये तिचे ध्वनिमुद्रण झाले. तिच्यात ब्लूज आहे, आफ्रिकी व लॅटिन अमेरिकी लयी आहेत, आणि बाखच्या काळातील 'टोकाटा' हा प्रकारही आहे. त्याच वर्षापासून ते गिलेस्पी यांच्या पंचवादकांच्या चमूत पियानोवादक म्हणून फिरू लागले.

1963 मध्ये चित्रपटाचे बोलावणे आले आणि ते हॉलिवुडला गेले. परदेशी संगीतकार तेथे नवा नव्हता. किंबहुना हॉलिवुडच्या पार्श्वसंगीताची भाषाच परदेशस्थांनी घडविली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. 'किंग काँग'चे (1933) संगीतकार मॅक्स स्टायनर हे व्हिएन्नाचे. एरिख कोर्नगोल्ड हेही त्याच शहरातले. 1938 मध्ये 'रॉबिन हूड'च्या कामासाठी ते अमेरिकेत आले आणि त्याच वर्षी हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यामुळे परतीची वाट बंद झाली. फ्रान्झ वॅक्समन बर्लिनमध्ये नाझी गुंडांचा मार खाऊन बाहेर पडलेले, मिक्लोश रोझा बुडापेस्टचे, दिमित्री तिओम्किन युक्रेनमध्ये जन्मलेले. अमेरिकन गुराख्यांच्या आणि समुद्री लुटारूंच्या कथांना या मंडळींनी मध्य युरोपच्या सिंफनीचा साज चढविला.

शिफ्रिन आले तेव्हा हे युग मावळत होते. 1958 च्या वादकांच्या संपानंतर स्टुडिओंचे पगारी वाद्यवृंद मोडीत निघाले होते. प्रेक्षक दूरचित्रवाणीकडे वळला होता, आणि 'पीटर गन' या मालिकेला हेन्री मॅन्सिनी यांनी दिलेल्या संगीताने गुन्हेगारी कथांसाठी जॅझचा रस्ता मोकळा केला होता. मोठा वाद्यवृंद लिहू शकेल, जॅझ अस्सल वाजवू शकेल, लॅटिन लयी ज्याच्या अंगवळणी असतील आणि जो मुदतीत काम हातावेगळे करील, असा माणूस त्या काळाला हवा होता. ज्या मिश्र तालमीबद्दल दोन्ही गोटांत नाके मुरडली जात होती, तीच आता उपयोगी पडली.

पेटती वात

'मिशन इम्पॉसिबल' ही मालिका सप्टेंबर 1966 मध्ये सुरू झाली. निर्माते ब्रूस गेलर यांनी शिफ्रिन यांना सांगितलेली अपेक्षा मोठी मार्मिक होती. माणूस स्वयंपाकघरात पेय आणावयास गेला असेल आणि बाहेरच्या खोलीत संच चालू असेल, तर केवळ आवाजावरून त्याला मालिका सुरू झाल्याचे कळले पाहिजे. शीर्षकाच्या वेळी पडद्यावर एक वात पेटलेली दिसेल, एवढेच दृश्याविषयी सांगण्यात आले. संगीतकाराने एक शीर्षकधून तयार केली. परंतु पहिल्या भागातील सुटकेच्या प्रसंगासाठी लिहिलेला दुसराच तुकडा गेलर यांना अधिक पसंत पडला आणि त्यांनी तोच शीर्षकाला लावला. म्हणजे जगप्रसिद्ध झालेली धून मुळात शीर्षकाची नव्हेच. कलावंताच्या योजनेत निर्मात्याने ढवळाढवळ केली की काम बिघडते, असा सर्वसाधारण समज आहे. येथे ती ढवळाढवळ योग्य ठरली, हेही नमूद केले पाहिजे.

ही धून पाच मात्रांची आहे. लोकप्रिय पाश्चात्त्य संगीत बहुतांशी दोन, तीन किंवा चार मात्रांत चालते, कारण ते पावलांशी बांधलेले असते. शिफ्रिन थट्टेने सांगत, की माणसाला दोन पाय म्हणून असे होते. आपण पाच पायांच्या परग्रहवासीयांसाठी लिहिले. आपल्या वाचकाला या पाच मात्रांचे गणित सहज उलगडेल. त्यांचे दहा अर्धे भाग केले, तर झपतालात जशी 2-3-2-3 अशी वाटणी असते तशी येथे 3-3-2-2 अशी आहे. दोन लांब पावले आणि लगेच दोन आखूड. चाल सम पडण्याआधीच घाईला येते, आणि पुन्हा सावरते. कोणीतरी वेळेशी शर्यत लावली आहे, हा भाव कथानकाचा एक शब्दही न सांगता त्या वाटणीतूनच उभा राहतो. मोर्सच्या तारभाषेतही दोन लांब खुणा म्हणजे 'एम्' आणि दोन आखूड खुणा म्हणजे 'आय्', अर्थात मालिकेच्या नावाची आद्याक्षरे. हा मेळ पुढे पुष्कळांनी हेरला.

पुढच्याच वर्षी आलेल्या 'मॅनिक्स' या गुप्तहेराच्या मालिकेला त्यांनी तीन मात्रांचा वॉल्ट्झ दिला. मारामारीच्या कथेला नृत्यगृहातील चाल देणे ही वरकरणी विसंगती. पण जॅझच्या झोकामुळे ती शोभून गेली. या दोन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट दिसते. मागणी कितीही ठरीव असली, तरी ती कोणत्या मार्गाने पुरी करावयाची हे बरेचसे करणाऱ्याच्या हाती असते. गेलर यांनी ओळख पटेल अशी धून मागितली होती. पाच मात्रा मागितल्या नव्हत्या.

मौनाचा उपयोग

हुकमी काम करणाऱ्याचा आणखी एक गुण म्हणजे आपले काम कोठे नको, हे ओळखणे. 'बुलिट' (1968) या चित्रपटातील सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा मोटारींचा पाठलाग चित्रपटकलेच्या अभ्यासक्रमात शिकविला जातो. दहा मिनिटांच्या आसपास चालणाऱ्या त्या प्रसंगाची तयारी शिफ्रिन यांचे संगीत हळूहळू करते. दबकत चालणारी ती लय ताणत जाते. आणि मोटार वेग घेते त्या क्षणी संगीत थांबते. पुढे ऐकू येतात ती फक्त यंत्रांची गर्जना आणि चाकांची किंकाळी. यंत्रांचा आवाज हेच येथे संगीत आहे, त्यावर दुसरे चढवू नये, हा सल्ला शिफ्रिन यांनीच दिग्दर्शक पीटर येट्स यांना दिला होता. ज्याला मिनिटांच्या हिशेबाने आपले अस्तित्व सिद्ध करावे लागते, त्याने आपणहून मागे सरणे हे सोपे नव्हे.

पडद्यावरच्या कामाचे पुढे काय होईल, हे मात्र करणाऱ्याच्या हाती नसते. 'कूल हँड ल्यूक' (1967) मध्ये कैदी भर उन्हात रस्त्यावर डांबर पसरतात, असा एक प्रसंग आहे. त्यासाठी लिहिलेला धावता, टकटकणारा तुकडा अमेरिकेतील काही दूरचित्रवाणी केंद्रांनी बातम्यांच्या प्रारंभी वाजवावयास घेतला. ऑस्ट्रेलियातही तसेच झाले. लक्षावधी कुटुंबे कित्येक वर्षे रोज संध्याकाळी ती धून ऐकत होती. ती कैद्यांच्या घामाची आहे आणि अर्जेंटिनाच्या एका माणसाची आहे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? 1994 मध्ये ब्रिटनच्या 'पोर्टिसहेड' या चमूने आपल्या एका गाजलेल्या गीताचा पाया शिफ्रिन यांच्या जुन्या तबकडीतील तुकड्यावर उभारला, तेव्हा ते गीत गुणगुणणाऱ्या तरुणांनाही हे नाव नवीनच होते.

अनामिकतेपेक्षा नकार अधिक जिव्हारी लागतो. 'द एक्झॉर्सिस्ट' (1973) या भयपटासाठी शिफ्रिन यांनी लिहिलेले संगीत दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी फेकून दिले. या घटनेविषयी शिफ्रिन अनेक वर्षे फारसे बोलले नाहीत. नंतर त्यांनी सांगितलेली हकीकत अशी, की चित्रपटाच्या जाहिरातपटाला लावलेल्या त्यांच्या संगीताने प्रेक्षक इतके हादरले की स्टुडिओने ते सौम्य करावयास सांगितले, आणि हा निरोप त्यांच्यापर्यंत पोचविलाच गेला नाही. त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे अधिक तीव्र संगीत लिहिले आणि ते नाकारले गेले. आपल्या आयुष्यातील अत्यंत कटू अनुभवांत ते याची गणना करीत. नेमून दिलेल्या कामाचा मोठेपणा सांगताना ही बाजू झाकून चालणार नाही. कवीची नाकारलेली कविता त्याच्या वहीत तरी राहते. दुसऱ्याच्या चित्रासाठी लिहिलेल्या संगीताला ते चित्र गेल्यावर उभे राहावयास जमीन उरत नाही.

त्याच वर्षी ब्रूस ली यांचा 'एंटर द ड्रॅगन' प्रदर्शित झाला, आणि त्याच्या संगीताने शिफ्रिन यांची कीर्ती आशिया खंडात पोचविली. ली हे व्यायामाच्या वेळी 'मिशन'ची धून लावीत असत आणि त्यातूनच हे काम आपल्याकडे आले, असे शिफ्रिन सांगत. जेथे एक दार अपमानाने बंद झाले, त्याच बाराव्या महिन्याच्या आत दुसरे उघडले. पण या दोहोंमध्ये न्यायाचा काही संबंध जोडता येत नाही. धंद्याची रीतच तशी आहे.

परक्या देशातला आपला सूर

अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी 1969 मध्ये घेतले. क्लिंट ईस्टवुड यांचा 'डर्टी हॅरी' (1971) हा अगदी अमेरिकन पोलिसपट, जॉर्ज ल्यूकस यांचा पहिला चित्रपट 'टीएचएक्स 1138' हा भविष्यकाळातील कथापट, 'द फॉक्स' हे एकाकी शेतवाडीवरील तिघांचे नाट्य, अशा परस्परांशी नाते नसलेल्या विषयांना त्यांनी संगीत दिले. यांतही एक चित्रपट वेगळा काढून पाहावा असा आहे. 1939 मध्ये जर्मनीतून नऊशेंहून अधिक ज्यू निर्वासितांना घेऊन निघालेले 'सेंट लुई' हे जहाज क्यूबाने परतविले, अमेरिकेनेही उतरू दिले नाही, आणि ते युरोपकडे माघारी गेले. त्या घटनेवरील 'व्हॉयेज ऑफ द डॅम्ड' (1976) या चित्रपटाचे संगीत शिफ्रिन यांचे होते. ज्याला बंदरात उतरावयास मिळाले अशा स्थलांतरिताने, ज्यांना मिळाले नाही अशांच्या कथेला सूर दिला. या कामासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. एकूण सहा वेळा ते नामांकित झाले आणि स्पर्धेत एकदाही विजयी झाले नाहीत.

या धकाधकीत त्यांनी सभागृहातील संगीत सोडले नव्हते. 1965 मध्ये कॅथलिक उपासनेच्या पाठांवर त्यांनी रचलेल्या जॅझरचनेला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. 1989 ते 1995 या काळात ते कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल सिंफनी वाद्यवृंदाचे संगीतसंचालक होते. 7 जुलै 1990 रोजी, विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, रोमच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत पाव्हारोट्टी, डोमिंगो आणि कारेरास हे तीन गायक प्रथमच एकत्र गायले. तेथे वाद्यवृंदाचे संचालन केले मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी. आणि तिघांनी मिळून गावयाच्या गीतमालिकेची मांडणी केली होती शिफ्रिन यांनी. ऑपेरा, लोकगीते आणि चित्रपटगीते एका धाग्यात ओवणारी ती मालिका म्हणजे ब्युनॉस आयर्सच्या घरातील आणि पॅरिसच्या क्लबांतील तालमीचे एकत्रित फळ होते. 'जॅझ मीट्स द सिंफनी' या नावाने त्यांनी पुढे काढलेल्या ध्वनिमुद्रिकांत हेच सूत्र उघडपणे मांडले गेले. कुमारवयापासून ज्या दोन संगीतांत ते वावरले, त्यांना त्यांनी एका मंचावर बसविले.

सन्मान उशिरा आला. नोव्हेंबर 2018 मध्ये, 86 व्या वर्षी, त्यांना मानद ऑस्कर मिळाले. तो सोहळा ईस्टवुड यांच्या हस्ते झाला. मे 2025 मध्ये 'मिशन इम्पॉसिबल' चित्रपटमालेचा आठवा भाग जगभर झळकला. मूळ मालिका 1973 मध्येच बंद पडली होती, नट बदलले होते, चित्रपटांचे संगीतकारही एकामागून एक बदलत गेले. परंतु ती धून मात्र टिकून राहिली. आणि त्याआधी एक महिना, एप्रिल 2025 मध्ये, अर्जेंटिनाच्या तरुण संगीतकार रॉड शेख्तमान यांच्यासमवेत रचलेली, मायदेशाला अर्पण केलेली त्यांची सिंफनी ब्युनॉस आयर्सच्या तेआत्रो कोलोनमध्ये सादर झाली. ज्या संगीतमंदिरात वडिलांनी अनेक वर्षे इतरांच्या रचना वाजविल्या, तेथे मुलाची रचना वाजली.

या कारकिर्दीतून स्थलांतराविषयी एक निष्कर्ष काढता येतो. परक्या देशात टिकावयाचे तर आपले सारे सोडून तिथले व्हावे, असा एक सल्ला नेहमी दिला जातो; आपले सारे जसेच्या तसे जपावे, असा दुसरा. शिफ्रिन यांनी दोन्ही मानले नाहीत. मांडीवर बसून ऐकलेला ऑपेरा, पॅरिसचा लयविचार, न्यूयॉर्कचे जॅझ आणि दक्षिण अमेरिकेचे ठेके, यांतले जे ज्या कामाला लागेल ते त्यांनी त्या कामाला लावले. यासाठी त्यांना गावोगावी उमेदवारी करावी लागली, नकार सोसावे लागले आणि नावापेक्षा काम मोठे होऊ द्यावे लागले.

आपल्याकडे चित्रपटातील गाण्याचा संगीतकार कोण, हे शाळकरी मुलगाही सांगतो. त्याच चित्रपटात दोन-अडीच तास कथेला आधार देणारे पार्श्वसंगीत कोणाचे, त्याची मांडणी कोणी केली, वादक कोण होते, याची चौकशी क्वचितच होते. श्रेयनामावली पडद्यावर सरकू लागली की प्रेक्षागृहातील दिवे लागतात आणि माणसे चपला शोधू लागतात. शिफ्रिन यांच्यासारख्यांनी दिलेले संगीत त्या गर्दीत प्रेक्षकाबरोबर घरी जाते, नाव मागे राहते. पाच मात्रांची ती धून पुढच्या वेळी कानांवर पडेल तेव्हा वाचकाला ते नाव आठवले, तर त्या कारागिराचे थोडेसे ऋण फिटेल.